भूऔष्णिक परतावा

थंडी दोन प्रकारची असते: एक हवेमुळे वाजणारी आणि दुसरी बिलामुळे वाजणारी. पहिलीवर स्वेटर हा उपाय आहे, दुसरीवर अभ्यास. समंजस माणूस स्वेटर घालून मोकळा होतो. सुशिक्षित माणूस तसं करत नाही, कारण स्वेटर घातला की प्रश्न सुटतो, आणि प्रश्न सुटला की अभ्यासाला काही जागाच उरत नाही.

देवदत्त गोतमारे हा सुशिक्षित माणूस होता. गाव वर्धा, इंजिनिअरिंग पुण्याला, नोकरी डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकवरच्या एका बड्या कंपनीत आणि घर तासाभरावरच्या मीथ परगण्यातल्या नावनला. (डब्लिनमध्ये घर परवडणारी माणसं सॉफ्टवेअर लिहीत नाहीत, ती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना घरं भाड्याने देतात.) आठवड्यातले दोन दिवस तो बसने ऑफिसला जाई. तिथे इतकी ऊब असे की तो अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात बसे. संध्याकाळी घरी आला की त्याच टी-शर्टावर एक स्वेटर, त्यावर दुसरा, त्यावर जॅकेट आणि डोक्याला कानटोपी चढवून तो जेवायला बसे. अंगावर एवढं असताना हात तोंडापर्यंत नेणं जरा जड जाई, पण त्यामुळे जेवण मोजकं होई आणि तब्येत चांगली राही.

घर गरम करायला काही नव्हतं असं मुळीच नाही. मागच्या अंगणात पत्र्याच्या खोपटात केरोसिनवर चालणारा एक जुना बॉयलर होता. तो सुरू केला की आधी मोठा आवाज होई, मग अर्ध्या तासाने खालचे रेडिएटर कोमट होत, आणि वरच्या मजल्यावरच्यांना ही बातमी कळायच्या आत देवदत्त बॉयलर बंद करी. शेजारच्या डरमटकडे त्याच जातीचा बॉयलर होता. तो कसा चालतो असं विचारलं की डरमट म्हणे, "इट्स ग्रँड." आयर्लंडमध्ये 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'चाललंय, फार खोलात शिरू नका' असा त्याचा अर्थ. डरमटचे गुडघे, त्याचं गळकं छप्पर आणि देशाची अर्थव्यवस्था या तिन्ही गोष्टी त्याच्या मते ग्रँड होत्या. थंडीचं काय करतोस, असं विचारल्यावर त्याने आपल्या अंगातल्या लोकरीच्या जंपरकडे बोट दाखवलं होतं. देवदत्तने हा पर्याय अशास्त्रीय म्हणून बाद केला.

अभ्यासासाठी त्याने दोनच पर्याय ठेवले. पर्याय अ: आहे त्या जागी तेलाचा नवा बॉयलर बसवणे. पर्याय ब: अंगणात एकशेवीस मीटर खोल बोअर मारून, त्यात नळ्या सोडून, जमिनीच्या पोटातली ऊब यंत्राने घरात आणणे. अ हा बसवायला स्वस्त आणि पोसायला महाग; ब हा बसवायला महाग आणि पोसायला स्वस्त. अशी तुलना नीट केली तर तीन हिवाळे सहज पुरते. ती पुरली. या काळात घर कुठल्याच पर्यायाने फारसं गरम करायचं नाही असं ठरलं होतं, कारण तुलना चालू असताना एका पक्षाला झुकतं माप देणं बरं दिसत नाही.

त्याची बायको गुंजन एका प्रयोगशाळेत काम करत असे. तिचं म्हणणं एवढंच होतं की तिला अ चालेल, ब चालेल, क असेल तर तोही चालेल, पण सकाळी बोटं वळली पाहिजेत.

घरातली एकमेव उबदार जागा म्हणजे हॉट प्रेस. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. तिथे टॉवेल ठेवण्याची रीत आहे. गोतमाऱ्यांकडे तिथे इडलीचं पीठ, दह्याचं विरजण आणि थंडी फारच वाढली तर नऊ वर्षांची सानिका असे. सानिका तिथे बसून शाळेचा अभ्यास करी. बाहेरून कुणी "बरी आहेस ना गं?" म्हणून विचारलं, तर आतून "आयम ग्रँड!" असं उत्तर येई आणि वीस सेंट डब्यात पडत.

या डब्याविषयी सांगायला हवं. गोतमारे कुटुंब दोन वर्षांत भारतात परत जाणार होतं. हे नऊ वर्षांपूर्वी ठरलं होतं आणि त्यात आजतागायत बदल झालेला नव्हता. परत गेल्यावर मुलीचं अडू नये म्हणून गुंजनने नियम केला होता: घरात मराठीच बोलायचं, आणि इंग्रजी शब्द आला की आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात दहा सेंट टाकायचे. सानिका इथेच जन्मलेली. मराठी तिला सगळं कळे. उत्तर मात्र ती मीथच्या खास हेलातल्या इंग्रजीत देई. तिचे खाऊचे पैसे महिना उजाडताच संपत. उरलेला महिना ती उधारीवर इंग्रजी बोले.

सर्वांत मोठा फटका अभ्यासाला बसला, कारण देवदत्तला मोठ्याने विचार करायची सवय होती. जिओथर्मल म्हटलं की दहा सेंट, हीट पंप म्हटलं की वीस. तेव्हा त्याने शब्दकोश पुढ्यात घेऊन सगळा विषयच मराठीत आणला. जिओथर्मलचं भूऔष्णिक झालं. हीट पंपाचं उष्णता-उपसा यंत्र झालं. इन्सुलेशनचं उष्णतारोधन झालं. (ते मराठीत आलं तरी घरात आलं नव्हतं.) आणि पेबॅक, म्हणजे यंत्रावर घातलेला जादा पैसा बचतीतून वसूल व्हायला लागणारा काळ, त्याला नाव मिळालं परतावा. शब्द सुटसुटीत होता आणि त्याला दंड नव्हता.

मेनूथच्या विद्यापीठात हवामानावर संशोधन करणारा गंधार हा त्याचा मित्र. तो रविवारी इडली खायला येई आणि त्या बदल्यात गणित करून देई. त्याने लॅपटॉप उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "इथे किती वर्षं राहणार?"

देवदत्त म्हणाला, "आता ते कसं सांगायचं? दोन धर."

"दोन धरले तर काहीच बसवू नकोस. आणखी एक स्वेटर घे."

"मग रकाना रिकामा ठेव."

"रिकामा ठेवला तर ते शून्य धरतं," गंधार म्हणाला.

शून्य वर्षं राहणाऱ्या माणसाला सर्वांत स्वस्त पर्याय कोणता, तर थंडीत बसणे. तीन हिवाळे तेच चाललं होतं, म्हणजे गणितात चूक नव्हती.

हा रकाना एकट्या देवदत्तला छळत होता असंही नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्याने एक्केचाळीस कुटुंबांना सहज म्हणून विचारून पाहिलं होतं. अडतीस जण म्हणाले, "दोन वर्षं." या अडतीस जणांना येऊन सरासरी अकरा वर्षं झाली होती. चौदा जणांनी स्वयंपाकघर वाढवून घेतलं होतं आणि एकाने अंगणात सफरचंदाचं रोप लावलं होतं. (विकताना घराला किंमत येते, असा त्याने न विचारता खुलासा केला.) उरलेल्या तिघांपैकी दोघे म्हणाले, "मुलांचं झालं की." एक जण म्हणाला, "आम्ही इथेच राहणार." त्याच्याशी त्यानंतर कुणी फारसं बोललं नाही.

शेवटी गंधारनेच तोड काढली. "उलटं करू. परतावा किती वर्षांत मिळतो तेवढं काढू. राहायचं की जायचं ते तू नंतर ठरव." देवदत्तला ही सूचना फार आवडली. नंतर ठरवण्याची कुठलीही सूचना त्याला आवडत असे.

हे सगळं चाललं असताना डिसेंबरात त्याचे आईवडील वर्ध्याहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले. आई वसुधाबाई. मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांत पापड वाळवणारी बाई. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "बाप्पा! लोक कसे राहून राहिले इथं?" वडील सुभाषराव सहकारी बँकेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. ते कमी बोलत. मोजून देणं आणि मोजून घेणं हा बँकेचा नियम त्यांनी बोलण्यालाही लावला होता.

पहिल्या आठवड्यातच भाषेचा एक किरकोळ घोटाळा झाला. इथले लोक कुणाचाही उल्लेख 'युअर मॅन' असा करतात; म्हणजे 'तो अमुक माणूस'. देवदत्तच्या तोंडात ते बसलं होतं, आणि डब्याच्या धाकाने तो त्याचंही भाषांतर करी. तेलाच्या गाडीवरचा माणूस येऊन गेला का, हे विचारायला तो म्हणाला, "आई, तुझा माणूस येऊन गेला का?"

"माझा माणूस?" वसुधाबाई चपापल्या. "ते तं वर झोपून आहेत."

सगळे हसले. वर्ध्याकडच्या बाईचा माणूस म्हणजे तिचा नवरा, हे सानिकालासुद्धा समजावून सांगण्यात आलं. भाषांतराने घात होऊ शकतो हा धडा त्यातून घेता आला असता, पण सगळ्यांचं हसण्याकडे लक्ष होतं.

सुभाषरावांनी अभ्यासाची चौकशी केली. देवदत्तने सांगितलं की इथे जमिनीच्या पोटात बारा महिने दहा-अकरा अंश तापमान असतं आणि तीच ऊब वर आणायची आहे.

"दहा?" सुभाषराव म्हणाले. "वर्ध्यात दहा झाले तं पेपरात येते, थंडीची लाट म्हणून."

"बाबा, फ्रीज कसा आतली उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो? तसंच हे."

"म्हणजे आपण फ्रीजच्या मागं राहायचं."

शास्त्रीयदृष्ट्या यात काही चूक काढता येईना, म्हणून देवदत्तने विषय बदलला.

त्याच रविवारी पहिला आकडा हाती आला. स्वयंपाकघरातून देवदत्तने गुंजनला ओरडून सांगितलं, "परतावा एकोणीस वर्षांनी!"

"एकोणीस?" गुंजन म्हणाली. "सानिका अठ्ठावीस वर्षांची होईल तोवर!"

पलीकडच्या खोलीत वसुधाबाई दोन ब्लँकेटं पांघरून बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. आणि त्यांनी असं ऐकलं की मुलगा एकोणीस वर्षांनी परतणार.

(व्याकरणदृष्ट्या त्यांची बाजू भक्कम होती. 'परतावा' हे नाम आहे खरं, पण 'परतणे' या क्रियापदाचा विध्यर्थही तोच. पाऊस पडावा, ताप उतरावा, मुलगा परतावा. बँकेत हा शब्द नाम असतो. आयांच्या तोंडी तो विध्यर्थ असतो.)

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या. पण रात्रभर विचार करून त्यांनी मनाची समजूत घातली. नऊ वर्षं दर रविवारी फोनवर त्या विचारत आल्या होत्या, "परत कधी?" आणि दर रविवारी उत्तर येई, "दोन वर्षांत." दोन या आकड्यावरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता. एकोणीस हा आकडा मोठा होता, पण कुणीतरी लॅपटॉप उघडून खरोखर हिशेब करून काढलेला दिसत होता. खरा आकडा पहिल्यांदाच ऐकायला मिळाला होता.

पुढच्या रविवारी गंधारने तेलाचे भाव वाढत जातील असं गृहीत धरलं आणि परतावा सतरावर आला. वसुधाबाईंनी उठून सगळ्यांना शिरा केला. त्यानंतर सरकारी अनुदान धरलं, चौदा झाले. वसुधाबाईंनी केळझरच्या गणपतीला नवस बोलला. मग रात्रीच्या स्वस्त विजेचा दर धरला, तेरा झाले. वसुधाबाई गंधारला दोन इडल्या जास्त वाढू लागल्या आणि "पोरगा हुशार आहे, याचं लग्न झालं का?" अशी चौकशी करू लागल्या.

देवदत्तला गहिवरून आलं. आपली आई, जिने जन्मात थर्मामीटर काखेखेरीज कुठे पाहिला नाही, ती अपारंपरिक ऊर्जेत एवढा रस घेते, हे त्याने ऑफिसातसुद्धा सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नावनच्या मराठी बायका जमल्या तेव्हा वसुधाबाईंनी त्यांना तिळगुळाबरोबर सल्लाही दिला. "भूऔष्णिक बसवून घ्या बाई. आमच्या देवदत्तचा परतावा तेरावर आला." बायकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या सहा जणींनी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, "आपला किती?" त्या रात्री सहा घरांत अभ्यास सुरू झाला.

सुभाषराव हे सगळं ऐकत होते आणि मोबाइलवर वर्ध्याचा पेपर वाचत होते.

तेरावर आकडा अडकला. गंधारने कारण शोधून काढलं. "तुम्ही तेल फारच कमी जाळता. जे जाळतच नाही ते वाचणार कसं? बचत दाखवायची तर आधी खर्च पाहिजे."

हे बिनतोड होतं. जो कुडकुडतो त्याची बचत होत नाही, कारण ती आधीच झालेली असते. सबब काटकसरी कुटुंबाला ऊर्जा-बचतीची योजना परवडण्यासाठी त्याने आधी उधळपट्टी करणं आवश्यक आहे. गंधारने सुचवलं की आठवडाभर घर माणसांसारखं गरम ठेवा, किती तेल लागतं ते मोजू, आणि तोच आकडा वर्षभर धरू. त्याप्रमाणे जानेवारीच्या शेवटी तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा बॉयलर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. वसुधाबाईंनी शाल काढून ठेवली. सानिका हॉट प्रेसमधून बाहेर आली आणि तिची उंची वाढल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं. पाच दिवसांच्या तेलावरूनच परतावा अकरावर उतरला.

सहाव्या दिवशी बॉयलरने एक मोठा आवाज केला आणि प्राण सोडला. त्याला एवढ्या कामाची सवय नव्हती. डरमट कुंपणावरून डोकावला आणि धुराकडे बघत म्हणाला, "नॉट ग्रँड."

आता नंतर ठरवण्याची सोय उरली नाही. नवा तेलाचा बॉयलर दोन दिवसांत बसला असता. बोअरवाले पाच-सहा आठवडे घेणार होते. घरात एक विजेचा हीटर, पाच माणसं आणि बाहेर जमिनीवर पांढरं दव. देवदत्त म्हणाला, "आई, तू इथे असेपर्यंत तुला ऊब पाहिजे. तेलाचाच घेतो."

"तेलाचा नाही," वसुधाबाई म्हणाल्या. "भूऔष्णिकच बसव."

"अगं, पण तोवर तुझे परत जायचे दिवस येतील."

"येऊ दे. मी काकडीन. मले काय होते? अकरा तं अकरा, पण ते पक्कं होऊ दे."

देवदत्तने त्याच दुपारी बोअरवाल्याला फोन केला. आईची पृथ्वीविषयीची ही तळमळ पाहून त्याने डोळे पुसले. त्यासाठी त्याला कानटोपी वर सरकवावी लागली.

मार्चच्या सुरुवातीला यंत्र आलं. नावनच्या जोडघरांमधल्या बोळातून ते अंगणात न्यायला अख्खी सकाळ गेली आणि डरमटच्या कुंपणाचा एक खांब गेला. (ग्रँड.) साठ मीटरवर पाणी लागलं. स्वच्छ, थंड, जोरदार पाणी. सुभाषरावांनी नकळत हात जोडले आणि वसुधाबाई हळदकुंकू आणायला आत धावल्या. आपल्याकडे बोअरला पाणी लागावं म्हणून पाणाड्या आणतात, नारळ तळहातावर उभा करून शेत पालथं घालतात. इथे बोअरवाल्याने तोंड वाकडं केलं आणि पाणी लागल्याने काम एक दिवस लांबेल असं सांगितलं. मग त्या पाण्याला बाजूला सारून बोअर आणखी साठ मीटर खाली गेलं.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी सगळं सुरू झालं. कंपनीचा माणूस कॉरमॅक बटण दाबायला आला. वसुधाबाईंनी एशियन दुकानातून नारळ मागवून ठेवला होता. बोअरच्या झाकणावर त्यांनी स्वस्तिक काढलं, उदबत्ती लावली आणि जॅकेटावरून पदर घेतला. कॉरमॅकने मोठ्या आदराने टोपी काढली. मग गप्प कसं राहायचं म्हणून तो वसुधाबाईंना म्हणाला की जमिनीतल्या नळ्यांना पन्नास वर्षं काही होत नाही.

आजीला कळलं नाही हे सानिकाला कळलं. महिना निम्मा सरला होता, उधारी खूप झाली होती, आणि आजी उद्या जाणार होती. तिने नीट जुळवून सांगितलं, "आजी, तो म्हणतोय हे पन्नास वर्षं टिकणार. मी म्हातारी होईन ना, तेव्हापण इथे हेच असणार."

नऊ वर्षांत ती सलग एवढं मराठी प्रथमच बोलली होती, आणि त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. डब्याचा उद्देश सफल झाला होता. गुंजनने टाळी वाजवायला हात वर नेले. ते तसेच राहिले, कारण तिचं सासूबाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

"पन्नास?" वसुधाबाई म्हणाल्या. "अन् अकरा वर्षांनी तू परतला तं मग हे कोणाले?"

"मी?" देवदत्त म्हणाला. "कुठे परतलो?"

"घरी."

यंत्र बारीक आवाजात चालू होतं. उत्तम यंत्र होतं. आवाज कमी असल्याबद्दल त्याची ख्याती होती. त्या शांततेत देवदत्तला डिसेंबरपासूनचे सगळे रविवार एकेक करून आठवले, शिरा, नवस आणि जास्तीच्या इडल्यांसकट.

"आई, परतावा म्हणजे पेबॅक गं. आपण यात जे पैसे घातले ते अकरा वर्षांत परत मिळणार, असं." दहा सेंट कुणी मागितले नाहीत.

"म्हणजे पैसे परतून राहिले होय," वसुधाबाई म्हणाल्या. "मले वाटलं तू."

देवदत्त एक पाऊल पुढे आला. आईला जवळ घ्यावं असं त्याला वाटलं, आणि मध्ये दोघांची जॅकेटं होती.

वसुधाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही तं बँकेत होते नं. तुम्हाले माहीत नव्हतं, परतावा म्हणजे काय?"

"माहीत होतं," सुभाषराव म्हणाले.

"मग बोलले काहून नाही?"

"तू खूश होती."

वसुधाबाईंनी नारळ उचलला, पायरीच्या कडेवर एका दणक्यात फोडला, थोडं पाणी झाकणावर शिंपडलं आणि खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले. कॉरमॅकलाही दिला. प्रसाद कसा आहे असं सानिकाने विचारल्यावर तो म्हणाला, ग्रँड आहे.

त्या रात्री घरात एकवीस अंश होते. वरच्या खोल्यांतसुद्धा. सगळे एकेका कपड्यावर झोपले. सामान भरताना वसुधाबाईंनी इथे घेतलेले दोन्ही स्वेटर बाहेर काढून ठेवले. वर्ध्यात त्यांचं काय काम? दुसऱ्या दिवशी विमानतळावर पाया पडताना देवदत्त सवयीने म्हणाला, "आई, बघ तू, दोन वर्षांत..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. वसुधाबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि फोनवर गेली नऊ वर्षं म्हणत होत्या तेच म्हणाल्या, "हो रे राजा."

तुलनेचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे. पंचवीस वर्षांचा एकूण खर्च पाहता पर्याय ब, म्हणजे भूऔष्णिक, निःसंशय स्वस्त पडतो. अट एवढीच की पंचवीस वर्षं तिथेच राहिलं पाहिजे. वार्षिक बचत वर्ध्याला जाऊन यायच्या दोन तिकिटांइतकी होते. तिकिटं अजून काढलेली नाहीत. देवदत्त दोन विमान कंपन्यांची तुलना करतो आहे.

एकोणिसाचे सतरा झाले, सतराचे चौदा, चौदाचे तेरा आणि तेराचे अकरा, तेव्हा तो आकडा उतरताना पाहून देवदत्तखेरीज आणखी दोघांना मनापासून बरं वाटलं होतं: एक वसुधाबाईंना आणि दुसरं, वाचकहो, तुम्हाला. त्यांपैकी वसुधाबाईंनी शब्द चुकीचा ऐकला होता; तुम्हाला मात्र तो पैशांचा आहे हे ठाऊक होतं.